ठाण्याला पाठवलेल्यांचा माग

पनवेलमध्ये वाढलेल्या माणसाला ‘ह्याला ठाण्याला पाठवायला पाहिजे’ या वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही. पुण्याकडे त्याच जागी येरवडा येतो. वर्गात, नाक्यावर, घरातल्या भांडणात हे वाक्य सहज तोंडातून निघतं. आणि ज्या घरातलं माणूस खरोखरच ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेलं होतं, त्या घरातलं कुणीतरी तेवढ्यापुरतं खाली मान घालतं.

अलीकडे पडक्या इस्पितळांत रात्री शिरून मोबाइलवर चित्रीकरण करण्याची हौस वाढली आहे. मला त्याचं वाईट वाटतं. त्या खोल्यांतून राहिलेल्या माणसांची वयं, धंदे, गावं, दुखणी कुठे ना कुठे कागदावर उतरलेली आहेत. ती वाचायचे कष्ट न घेता भुताची गोष्ट रचली, की त्या माणसांना दुसऱ्यांदा घराबाहेर काढल्यासारखं होतं. म्हणून इथे एक कृती देतो. पनवेलला बसून जुन्या मनोरुग्णालयाचा शोध कुठून सुरू करावा, कशात फसायला होतं आणि प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर काय पाहावं, हे ज्याला मनापासून करायचं आहे त्याच्यासाठी.

लागणारं साहित्य थोडं आहे. एक जाड वही, पेन्सिल, ओळखपत्र, दहा रुपयांचे दोन-तीन कोर्ट फी स्टॅम्प, इंटरनेट, आणि घोटा झाकणारे बूट. वेळ मात्र दोन-तीन महिने धरा. त्यातला प्रत्यक्ष इमारतीपाशी जाण्याचा दिवस एकच, आणि तो शेवटाकडे येतो.

पहिलं काम : कुठलं इस्पितळ, ते नक्की करा

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात उभं राहिलेलं येरवड्याचं. खाटांच्या संख्येने येरवडा सगळ्यांत मोठं, २५४० खाटांचं. त्याखालोखाल १८५० खाटांचं ठाणं. पनवेलकराचा रस्ता बहुतेक वेळा ठाण्यालाच जातो. तिथलं जुनं नाव होतं ‘नरोत्तमदास माधवदास’ यांच्या नावाचं असायलम. जुन्या कागदांत ते ‘एन. एम. मेंटल हॉस्पिटल, ठाना’ असं सापडतं. नौपाडा हा शब्दही येतो. ही तिन्ही नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. ठाण्याचं रुग्णालय ओसाड नाही. ते चालू आहे, तिथे माणसं राहतात, उपचार घेतात. मोडकळीला आल्या त्या आवारातल्या जुन्या इमारती. रुग्णालयाची नवी बांधणी, आणि आवाराच्या काही जमिनीवर ठाणे आणि मुलुंड यांच्या मधलं नवं रेल्वे स्थानक, हे दोन्ही बेत बरेच पुढे सरकलेले आहेत. तेव्हा हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

आता फसण्याच्या जागा. पहिली म्हणजे ‘कुलाबा’. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत ‘कोलाबा ल्युनॅटिक असायलम’ जागोजागी भेटतं. पनवेल पुढे कुलाबा जिल्ह्यात होतं, जिल्ह्याचं मुख्य ठिकाण अलिबाग. त्यामुळे हे इस्पितळ अलिबागच्या आसपास कुठेतरी असणार असं वाटतं. मी स्वतः असेच दोन दिवस चुकीच्या नकाशावर घालवले. ते कुलाबा म्हणजे मुंबईच्या दक्षिण टोकाचं कुलाबा. मुंबई इलाख्यातलं हे जुनं आणि कायम गर्दीने भरलेलं इस्पितळ. ठाण्याला नौपाड्यात मोठं नवं इस्पितळ उभं राहिलं, त्यामागे कुलाब्याच्या याच गर्दीचा रेटा होता. म्हणजे ठाण्याची गोष्ट शोधणाऱ्याने १९०१ ला थांबायचं नाही; तिथून मागे मुंबईच्या कुलाब्यात शिरायचं.

दुसरी फसगत जिल्ह्याची. पनवेल तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता. १८८२ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये पनवेल तुम्हाला ठाण्याच्या खंडात, म्हणजे तेराव्या आणि चौदाव्या भागात मिळेल. कुलाब्याचा अकरावा भाग १८८३ चा. त्यात शोधाल तर हात हलवत परत याल. १८८३ च्या सुमारास तालुका कुलाबा जिल्ह्यात गेला, आणि १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. ज्या सालचा माणूस शोधताय त्या सालचा जिल्हा आधी बघा, मग दप्तर उघडा. स्पेलिंगंही फिरतात. ठाणे हे ‘टी’ने सुरू होतं खरं, पण कुठे ‘एच’ आहे, कुठे नाही, आणि जुन्या कागदांत ‘एन’ दोनदा येतो. पनवेल ‘व्ही’ने, ‘डब्ल्यू’ने, शेवटी एक ‘एल’, दोन ‘एल’. सगळ्या तऱ्हा शोधून पाहा.

दुसरं काम : वार्षिक अहवाल वाचा

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

इंग्रज सरकार इलाख्यातल्या सगळ्या वेड्यांच्या इस्पितळांचा अहवाल दरवर्षी छापत असे. मुंबई इलाख्याच्या अहवालांत कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद, रत्नागिरी आणि सिंधमधलं हैदराबाद अशी इस्पितळं येतात. पुढे ठाणे आणि येरवडा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय कागदांचा मोठा संग्रह इंटरनेटवर खुला केला आहे, त्यात १८७० च्या दशकापासूनचे हे अहवाल आहेत. पैसे लागत नाहीत. पनवेलच्या घरात बसून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं पान उघडता येतं.

पहिली काही पानं अधीक्षकाच्या गद्यात असतात : पाऊस किती, पाणी कसं, भिंत कुठे पडली, भाजीच्या मळ्याचं उत्पन्न किती. त्यांच्यामागे तक्ते लागतात. घाई न करता एक तक्ता समोर घ्या आणि त्यातली एकच ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. वर्षाच्या सुरुवातीला किती पुरुष, किती स्त्रिया. नव्याने किती आले. पुन्हा किती आले. मग बाहेर पडणाऱ्यांचे रकाने : बरे होऊन गेले, नातलगांच्या ताब्यात दिले, पळाले, मेले. ‘नातलगांच्या ताब्यात’ हा रकाना आणि ‘मेले’ हा रकाना शेजारी शेजारी ठेवून आठ-दहा वर्षांचे आकडे वहीत उतरवा. इस्पितळ कसं चाललं होतं, हे अधीक्षकाच्या गोड गद्यापेक्षा हे दोन रकाने जास्त सांगतात.

त्यानंतर धंद्याचा तक्ता बघा. शेतकरी, मजूर, भिकारी, शिपाई, कारकून. बायकांपुढे पुष्कळदा धंदाच नसतो. मग वेडाच्या प्रकारांचा : मेनिया, मेलँकोलिया, डिमेन्शिया. ही नावं आजच्या निदानांशी जुळवत बसू नका. तेव्हाच्या डॉक्टरने त्या शब्दाखाली काय काय कोंबलं होतं ते आज सांगता येत नाही.

आणि मग येतो कारणांचा तक्ता. इथे नीट जपून चाला. कारणांचे दोन भाग असत, शारीरिक आणि मानसिक. ताप, फेफरं, दारू, गांजा एका बाजूला. दुःख, भीती, दारिद्र्य दुसऱ्या बाजूला. आणि एक भलामोठा रकाना ‘अज्ञात’. गांजाचा आकडा पाहून पहिल्यांदा वाचणारा दचकतो. त्या काळी सरकारही दचकलं होतं. १८९३ साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हे आकडे तपासायला घेतले. १८९२ साली गांजा-भांगेमुळे वेड लागलं म्हणून दाखल झालेली प्रकरणं त्यांनी एकेक करून पुन्हा चौकशीला लावली, माणसाच्या गावापर्यंत. निष्कर्ष असा निघाला, की आकड्यांवर विसंबता येत नाही. माणसाबरोबर आलेल्या पोलिसाच्या कागदात गांजा लिहिलेला असे, इस्पितळातला कारकून तोच शब्द वहीत उतरवी, आणि वर्षअखेर तो शब्द आकडा होऊन लंडनला जाई.

म्हणून वहीत कारण उतरवताना शेजारी एक रकाना तुमचा ठेवा : ‘हे कुणी सांगितलं?’ पोलिसाने, नवऱ्याने, भावाने, की डॉक्टरने स्वतः पाहिलं? माझ्या मते इस्पितळांचा इतिहास लिहिणाऱ्याचं निम्मं कसब या एका रकान्यात आहे.

तिसरं काम : माणूस आत कसा जाई, तो कागद समजून घ्या

१८५८ साली पहिला मोठा कायदा आला, तो जाऊन १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट आला, आणि तो १९८७ चा कायदा अमलात येईपर्यंत, म्हणजे १९९३ पर्यंत चालला. तुमच्या आजी-आजोबांच्या पिढीतलं कुणी ठाण्याला गेलं असेल तर ते १९१२ च्या कायद्याखाली.

त्याची रीत अशी होती. नवरा, बायको किंवा नातलग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करी. अर्जाच्या आधीच्या चौदा दिवसांत अर्जदाराने त्या माणसाला स्वतः पाहिलेलं असावं लागे. सोबत दोन डॉक्टरांचे दोन दाखले, वेगवेगळ्या कागदांवर. मॅजिस्ट्रेटचं समाधान झालं की भरतीचा हुकूम निघे. रस्त्यावर भटकणारा माणूस असेल तर पोलीस ठाण्याचा अंमलदार त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करी.

त्या वैद्यकीय दाखल्याचा छापील नमुना कायद्याच्या परिशिष्टात आहे. तो जरूर वाचा. डॉक्टरला दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायला सांगितल्या आहेत : एक, वेडाची जी लक्षणं मी स्वतः पाहिली, दोन, जी मला इतरांनी सांगितली. बरोबरच्या तपशिलात वय, जात-धर्म, धंदा, पूर्वी कधी असं झालं होतं का, जिवाचं बरंवाईट करण्याचा धोका आहे का, दुसऱ्याला इजा करण्याचा आहे का, जवळच्या नात्यात कुणाला वेड होतं का. असा भरलेला नमुना कधी हाती आला तर दोन्ही भागांची लांबी ताडून पाहा. स्वतः पाहिलेलं दोन ओळींत आटपलेलं आणि ऐकलेलं पानभर असेल, तर त्या घरात काय चाललं असावं याचा विचार करायला हवा. नको असलेली सून, वाटणीत अडसर झालेला भाऊ, मूल न होणारी बाई, यांना वेडं ठरवणं कठीण नव्हतं. पण तेवढंच खरं मानून प्रत्येक घराला आरोपी करू नका. दाखल झालेल्यांत खरोखर अतिशय आजारी माणसं होती, आणि त्यांना सांभाळता सांभाळता घरं मेटाकुटीला आली होती. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं येईपर्यंत डॉक्टरच्या हातातही फारसं काही नव्हतं.

पनवेलच्या घराने हा हुकूम हातात घेतल्यावर पुढचा प्रवास कसा केला असेल, तेही नकाशावर काढून बघा. पनवेलला रेल्वे आली ती १९६० च्या दशकात. त्याआधी बंदरातून खाडीने, किंवा बैलगाडीने आणि मोटारीने. एका आजारी, घाबरलेल्या माणसाला घेऊन तो सबंध दिवसाचा रस्ता. आज ट्रान्स-हार्बरची लोकल तासाभरात नेते. परतभेटीला कोण किती वेळा गेलं असेल याचं उत्तर पुष्कळसं या अंतरात आहे.

मूळ दप्तर बघायचं असेल तर मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात चौकशी करा. जनरल आणि ज्युडिशियल या दोन खात्यांच्या खंडांत इस्पितळांचा पत्रव्यवहार असतो. ओळखपत्र, कुणा प्राध्यापकाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र आणि पेन्सिल न्या. शाईचं पेन बाहेर ठेवा. मराठी वर्तमानपत्रांसाठी ठाण्याचं १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि पनवेल गावातच के. गो. लिमये वाचनालय आहे. ग्रंथपालांना विषय मोकळेपणाने सांगा, ते कपाटं उघडून देतात.

चौथं काम : घरातल्यांशी बोला

हे सगळ्यांत नाजूक. ‘आपल्यात कुणी वेडं होतं का’ असा प्रश्न विचारलात की दार बंद. जुनी माणसं तो शब्द वापरतच नाहीत. ती म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला होता. भ्रमिष्ट झाली होती. बाहेरचं लागलं होतं. कामातून गेला. त्यांच्याच शब्दांनी बोला. आणि सुरुवात आजाराने न करता माणसाने करा : मावशी, त्या काकूंच्या हातचं काय खाल्लंय तुम्ही? त्या कुठल्या गावच्या? लग्नात कुणी कुणी आलं होतं?

इस्पितळाच्या आधीचे थांबेही विचारून घ्या. देवरुषी, अंगारा, दर्गा, नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला नेणं, वैद्याचं औषध. घराने काय काय करून पाहिलं, ते त्यातून कळतं. ठाणं बहुतेकांसाठी शेवटचा थांबा होता.

कुणी म्हणालं ‘राहू दे बाळा, कशाला उकरून काढतोस’, तर तिथे थांबा. चहा घ्या, दुसऱ्या गोष्टी बोला. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा, आणि लपवून तर कधीच करू नका.

पाचवं काम : परवानगी

पडकी दिसते म्हणून कुठलीही सरकारी इमारत बेवारस होत नाही. कुंपणावरून आत जाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली प्रकरण होऊ शकतं. इमारतीत शिरल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. आणि चालू मनोरुग्णालयाच्या आवारात चोरून फिरणं म्हणजे तिथल्या रुग्णांच्या घरात चोरून फिरणं.

वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा मराठीत अर्ज लिहा. कोण आहात, काय बघायचं, कधी, किती जण, फोटो काढणार का, आणि लिहिलेलं त्यांना दाखवणार का. रुग्ण राहतात त्या वॉर्डांत जाणार नाही, हे वाक्य अर्जात स्वतःहून घाला. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच ठेवावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागायचं काय? इमारतींची बांधकाम वर्षं, आवाराचा जुना नकाशा, कुठल्या इमारती धोकादायक ठरवल्या आणि केव्हा, पाडताना दरवाजे, पाट्या, नोंदवह्या यांचं काय केलं. कुणा रुग्णाचं नाव मागू नका.

सहावं काम : प्रत्यक्ष पाहणी

डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या गवतात कोकणपट्टीच्या पडक्या आवारात घोणस असते, साचलेल्या पाण्यात लेप्टोचा धोका असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे. पायाला जखम असेल तर जाऊच नका. दोघं तरी जा, सकाळी जा, आणि तिसऱ्या कुणाला तरी वेळ सांगून ठेवा. मंगलोरी कौलांखाली उभं राहण्याआधी वासे आणि तुळया बघा. वाळवीने पोखरलेलं लाकूड वरून रंगाने धडधाकट दिसतं. वरच्या मजल्यावर चढायचं नाही. गवतात पाऊल टाकण्याआधी काठी टाका, जुन्या विहिरी आणि गटारांची झाकणं उघडी असतात. पारव्यांच्या विष्ठेने भरलेल्या खोलीत मास्कशिवाय जाऊ नका. सोबत आलेला कर्मचारी ‘इथे नको’ म्हणाला, की नको.

आता काय बघायचं. बाहेरून सुरुवात करा : कंपाउंडची भिंत किती उंच, आणि वरच्या काचा किंवा तारा कुठल्या बाजूला झुकवलेल्या. पुरुषांची बाजू आणि बायकांची बाजू कुठे तुटते. अधीक्षकाचा बंगला वारा येतो त्या अंगाला आहे का. विहीर आणि मळ्याची जागा शोधा, कारण अहवालातल्या त्या भाजीच्या उत्पन्नामागे राबणारे हात रुग्णांचेच होते.

मग एका दारापाशी थांबा. एकाच. पाच मिनिटं तिथेच उभे राहा. कडी आतून आहे की फक्त बाहेरून? बिजागऱ्या अशा बसवल्यात का, की दार बाहेरच उघडेल आणि आतल्याला ते अडवून धरता येणार नाही? पाहायला भोक आहे का, किती उंचीवर? खिडकी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला येते, की फक्त आभाळ दिसावं इतक्या वर आहे? जमिनीचा उतार कुठल्या कोपऱ्याकडे, आणि त्या कोपऱ्यात मोरी आहे का? खोलीत मोरीचं तोंड असेल तर माणसाला तिथेच सगळं उरकावं लागत होतं. हे सगळं पेन्सिलीने काढा, मापं टेपने घ्या, टेप नसेल तर वीत आणि पावलांनी. फोटोपेक्षा असं काढलेलं चित्र जास्त कळतं, कारण काढताना प्रत्येक गज मोजावा लागतो.

व्हरांडेही बघा. रुंद, खोल, सावलीचे व्हरांडे बांधणाऱ्या माणसाने आतल्यांच्या सुखाचा थोडा विचार केला होता, हेही लिहायला हवं. तुरुंगासारख्या भिंती आणि धर्मशाळेसारखे व्हरांडे एकाच इमारतीत भेटतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी बंगळूरच्या निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेने देशातल्या ३७ मनोरुग्णालयांची पाहणी केली, तिचा अहवाल १९९९ साली आला; तेव्हाही तुरुंगाच्या धर्तीवरची बांधणी जागोजागी आढळली होती.

भिंतीवर कोरलेलं, खरडलेलं काही दिसलं तर हात लावू नका, खडूने गिरवू नका. जशीच्या तशी नोंद घ्या. एखादी पाटी, कुलूप, ॲल्युमिनियमची थाळी आठवण म्हणून खिशात घालणं ही चोरी आहे. सोबतच्या कर्मचाऱ्याला दाखवा आणि तिची नोंद करायला सांगा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २४ लक्षात ठेवा : उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. लांबून, पाठमोरा, धूसर करूनही नको. कुणी रुग्ण स्वतःहून बोलायला आला तर नमस्कार करा, त्याने विचारलेल्याचं उत्तर द्या. बहुतेक वेळा प्रश्न एकच असतो : कुठून आलात? पनवेल म्हणा. त्याला पनवेल माहीत असलं तर तो तुम्हाला बरंच काही सांगेल; ते वहीत न उतरवता नुसतं ऐका.

सातवं काम : कागद आणि जागा एकत्र आणा

त्याच आठवड्यात बसून लिहा. डाव्या पानावर अहवालातलं, उजव्या पानावर पाहिलेलं. अहवालात एका खोलीत किती जण लिहिले आहेत आणि तुम्ही मोजलेली खोली किती पावलांची आहे, हे शेजारी आलं की आकड्याला अंग येतं. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात सबंध हिंदुस्थानासाठी मनोरुग्णांच्या सुमारे १०,००० खाटा मोजल्या आहेत, फाळणीआधीच्या एवढ्या मोठ्या देशाला. गर्दी कुठून येत होती ते त्यावरून कळतं.

लिहिताना गतकाळातच थांबू नका. इटलीत ट्रिएस्टच्या मनोरुग्णालयात १९७१ साली मनोविकारतज्ज्ञ फ्रँको बझालिया संचालक झाले. १९७३ साली रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा मोठा निळा घोडा बनवला, तो फाटकातून मावेना म्हणून फाटकच मोडावं लागलं. आज ते आवार गावाचं उद्यान आहे. आपल्याकडे नुसतं दार उघडून भागत नाही, कारण बाहेर जागा नसते. २००१ साली तामिळनाडूतल्या एरवडीला झोपडीत साखळीने बांधलेली २८ माणसं आगीत गेली, ती कुठल्या सरकारी इस्पितळात नव्हती. २०१७ च्या कायद्याने साखळीला पूर्ण बंदी घातली आणि कलम १९ मध्ये लिहिलं, की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्यावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. तरीही बरे झालेले लोक वाट पाहत राहिलेच. २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं, की अशा माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं बंद करा.

पनवेलहून कर्जतची गाडी पकडलीत तर वेणगावला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली सुरू केलेली ही संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या गावी, घरच्यांकडे पोचवते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जुन्या अहवालातला ‘नातलगांच्या ताब्यात’ हा रकाना आज कोण कसा भरतं, ते समजून घ्यायचं असेल तर या कामाबद्दल वाचा, आणि आधी विचारून, परवानगी घेऊन भेट द्या.

हे वाचताना स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या आजाराने जीव कासावीस झाला असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि पनवेल, उरण, पेण, कर्जतकडच्या जुन्या घरांना एक विनंती. माळ्यावरच्या पेटीत ठाण्याच्या इस्पितळाचं एखादं पोस्टकार्ड, भेटीचा पास, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाची नक्कल, मनीऑर्डरची पावती सापडली तर लाज वाटून फाडू नका. ज्या माणसाचं नाव घराच्या वंशावळीतून गळलं, त्याच्या हातचा किंवा त्याच्या नावाचा तेवढाच कागद उरलेला असू शकतो. त्याची एक झेरॉक्स काढा, मागे पेन्सिलीने त्या माणसाचं तुमच्याशी नातं लिहा, आणि जपून ठेवा.